बेतणं

हेमलता भारंबे तीन पिस्तुलं घेऊन आली,
कागदाची.
जळगावच्या दुकानदारानं काउंटरवर आडवी ठेवून
कडेनं पेन्सिल फिरवून दिली होती वर्तमानपत्रावर,
आणि तिनं घरी येऊन कातरली
पोराच्या शाळेच्या कात्रीनं, वेडीवाकडी.

"सिंधू, यातलं कोनतं लपीन ते तू सांग.
दुकानवाला म्हने, तिन्ही चांगले.
त्याचं काय जातं."

नवऱ्याच्या मागे केळीचे गट तीच पाहते.
शनिवारी मजुरांचा पगार, रोख,
सावद्याहून चिनावलच्या रस्त्यानं, स्कुटीवर, एकटी.
परसालच्या माघात दोघांनी गाडी आडवी लावली.
पैसे गेले ते ती बोलत नाही.
डाव्या कानाची पाळी तेव्हापासून दुभंगलेली,
त्यात काही घालत नाही.
"जिवावर बेतलं व्हतं," एवढंच.
मी म्हटलं, आण, आता कापडावर बेतू.

बाह्या पसरतो तसे तिन्ही कागद पसरले.
पहिलं रिव्हॉल्व्हर. मध्ये चाकाचं पोट.
सातवा महिना कितीही चुण्या घाला, दिसतोच.
दुसरं चपटं पण लांब,
स्कुटीवर बसली की मुठीचं टोक वर डोकावणार.
तिसरं तळहाताएवढं.
तेच तिला नको होतं.
"हे तं खेळनं वाटतं व. याले कोन भिईन?"
दाखवायचंय की लपवायचंय, मी विचारलं.
ती गप्प.
पंख्यानं तिन्ही कागद उडायला बघत होते,
एकावर खडू ठेवला, एकावर टेप,
तिसऱ्यावर तिनं स्वतःच हात.

कागदाला वजन नसतं, ही कागदाची लबाडी.
मी माझी मोठी कात्री तिच्या कुर्त्याच्या खिशात सोडली.
खांदा उतरला, गळा तिरपा झाला,
बाई एका अंगानं चालायला लागली
कडेवर भरली कळशी असल्यासारखी.
आणि आपल्याकडे मे महिना.
सेहेचाळीस डिग्रीत जाकीट कोण घालणार?
पातळ कापड घामानं चिकटतं, आतलं सगळं सांगून टाकतं.
जाड खादी घे म्हटलं, बारीक छापाची.
मोठं फूल नको,
फूल वाकडं झालं की नजर तिथंच जाते.

मग खिसा.
उजव्या शिवणीत, आतून जीनचं अस्तर,
तोंड पुढच्या बाजूला कललेलं.
बस. ऊठ. स्टँड काढ. हात घाल.
परत.
परत.
चौथ्यांदा कात्री एका झटक्यात बाहेर आली
आणि तिनं ती समोर धरली,
समोर माझा आरसा होता,
आरशात आम्ही दोघी.
रस्त्यावरून कुल्फीवाला घंटी वाजवत गेला
तोपर्यंत कुणीच हललं नाही.

"बटन नको," ती म्हणाली. "बटनात जीव जाईन."
घरी गेल्या गेल्या कपाटात, कुलपात, मी म्हटलं.
"ते तं हायेच."
आणि दारातच वेदू कमरेला मिठी मारतो तेव्हा?
ती स्टुलावर बसली. पाणी मागितलं.
अर्धं प्यायली.

खिशाच्या तोंडावर मी कच्ची टीप घातली,
मरून कापडावर पांढरा दोरा, एकेरी, चार टाके.
मोठ्या हाताच्या हिसक्यानं तुटेल,
लहान बोटांना अडेल तरी.
शिलाई किती, तिनं विचारलं.
खिशाची शिलाई मी कधी वेगळी लावत नाही.
तिसरा कागद ती घेऊन गेली,
उरलेल्या दोघांत मी हुक गुंडाळून ठेवले.

दिवाळीच्या आधी कुर्ता आला, कमरेत सैल करायला.
"अंग सुटलं," म्हणाली, हसली.
मी टेप गळ्यात घेण्याआधी खिसा पाहिला.
चार टाके. पांढरे, जरा मळलेले.
पहिला, दुसरा, चौथा जिथल्या तिथं.
तिसरा ओढला गेलेला,
तुटला नव्हता.

मी काही विचारलं नाही.
ती बाहेर, रस्त्याकडे बघत होती.
सुईत नवा दोरा ओवला.